पाथरघाटाचा रस्ता

"तो रस्ता बंद आहे," मी म्हणालो.

नकाशावरून सरकणारं अभ्यंकर काकांचं बोट जागच्या जागी थांबलं. कोल्हापुरात स्टँडजवळच्या लॉजवर त्यांनी पलंगभर नकाशा पसरला होता आणि ते स्वतः खाली गुडघे टेकून बसले होते. मी दाराशी उभा होतो, हातात गाडीची किल्ली.

"बंद म्हणजे?"

"दरड कोसळलीय पावसात. घाटाच्या मधोमध. अजून कुणी उचलली नाही."

"किती मोठी?" काका पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. रस्ता बंद म्हटलं की किती मीटर, कुठल्या अंगानं, हे विचारल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही.

"ट्रक निघत नाही एवढी."

खिडकीत बसलेल्या काकूंनी हातातलं पत्र खाली केलं. "अरे देवा. मग मायाप्पांचं काय करायचं?"

ते नाव कानावर आलं आणि हातातली किल्ली वाजली. मी ती मुठीत घट्ट धरली.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. पुण्याचं हे जोडपं आठ दिवसांसाठी माझी गाडी घेऊन निघणार होतं. पाऊस सरलेला, थंडी अजून पडायची, रानात सगळीकडं फुलं आणि खाचरांतून पिकलेलं भात. घाट बघायचे तर हेच दिवस, असं काकांचं म्हणणं. मोठा रस्ता त्यांना नको होता. वळणाचा, डोंगराच्या कडेकडेनं जाणारा, वाटलं तिथं उतरून बघता येईल असा हवा होता. काकूंची अट वेगळी. त्या शाळेत गाणं शिकवायच्या. रोज निदान एका गावात तिथल्या माणसांचं गाणं ऐकायला मिळालं पाहिजे, नाहीतर नुसत्या वळणांनी मला मळमळतं, असं त्या नवऱ्याला चिडवायच्या. गगनबावड्याच्या बाजूला एक भजनी मंडळ त्यांनी आधीच ठरवलं होतं, सावंतवाडीकडं दशावतार. आणि या दोन्हींच्या मधोमध, काकांच्या लाल पेन्सिलीच्या रेघेवर, पाथरवाडीचा धनगरवाडा होता.

"तिथल्या शाळेचे तोडकर गुरुजी लिहितात," काकू पत्र वाचू लागल्या, "'मायाप्पांसारखं सुंबरान मांडणारा या डोंगरात दुसरा नाही. धनगरी ओवी ऐकावी तर त्यांचीच. पण गेली नऊ वर्षं ते गायलेले नाहीत. तरीही तुम्ही या, आपण विचारून बघू.' नऊ वर्षं का गायले नाहीत, ते काही लिहिलेलं नाही. महिपती, तुम्ही त्या भागातले ना हो? तुम्हाला काही ठाऊक आहे?"

"नाही. मी कोल्हापूरचाच," मी म्हणालो.

पाच मिनिटांत ही माझी दुसरी थाप होती. काकांनी खोडरबर घेतला, पाथरघाटावरची लाल रेघ पुसली आणि राधानगरीहून सरळ आजऱ्याकडं दुसरी ओढली. मी जिना उतरून खाली आलो, गाडीत बसलो आणि बराच वेळ काच पुसत राहिलो.

पहिले दोन दिवस चांगले गेले. गगनबावड्याला सकाळी धुकं एवढं होतं की काका दर शंभर पावलांवर उतरायचे आणि काही न दिसता परत यायचे. भजनी मंडळानं काकूंना चार अभंगांसाठी बोलावलं होतं, गायले अकरा. मीही मागं बसून टाळ्या धरल्या. काकू म्हणाल्या, "तुमचा ठेका पक्का आहे हो महिपती! शिकलात कुठं?" मी हसून वेळ मारून नेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी राधानगरीत आम्ही एका हॉटेलात चहा-भजी घेत होतो. काका मोबाईलवर बोलत बाहेर गेले आणि आत आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. खुर्ची ओढून ते माझ्यासमोर बसले.

"माझा एक जुना सहकारी इथं आहे. त्याला सहज विचारलं. पाथरघाट या पावसाळ्यात एक दिवससुद्धा बंद नव्हता. काल त्यावरून एसटी गेली आहे."

मी भजी खाली ठेवली.

"तुम्हाला कुणी चुकीचं सांगितलं असेल," काकू म्हणाल्या.

"हो," असं म्हणून सुटता आलं असतं. पण काकू माझ्याकडं बघत होत्या, आणि मला वाटतं त्यांना कळलं होतं. त्यांनी आवाज खाली केला. "घाटाची भीती वाटते का तुम्हाला?"

"नाही."

"मग माणसांची?"

काका चिडले होते. आठ दिवसांची आखणी त्यांनी दोन महिने बसून केली होती आणि तिच्यात कुणीतरी खोटं घुसवलं होतं. "असं करू," ते म्हणाले, "तुम्ही इथं थांबा. आम्ही इथली जीप घेतो, पाथरवाडीला जाऊन उद्या परत येतो. पुढचं पुढं बघू."

यापेक्षा सोपं काय हवं होतं? थांबतो म्हणायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "चला. मीच नेतो."

का म्हणालो, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

घाट सुरू झाला तेव्हा दहा वाजले असतील. ऊन स्वच्छ पडलं होतं. दोन्ही कडांना सोनकीची पिवळी फुलं, मध्येच तेरड्याचा गुलाबी पट्टा, खाली दरीत भाताची खाचरं. काका राग विसरले. काच खाली करून ते लहान मुलासारखे बाहेर बघत होते. मी मात्र वळणं मोजत होतो. सातवं, आठवं. नवव्या वळणावर आता कठडा बांधलेला होता आणि कठड्याखाली किंजळीचं झाड.

"थांबा, थांबा!" काका ओरडले. "इथं थांबा! काय दिसतंय बघा खाली!"

माझा पाय ब्रेकवर जाईना. मी गिअर टाकला आणि गाडी वर दामटली.

"अहो, थांबा म्हटलं ना!"

"पुढं बघू काका. इथं धोक्याचं आहे."

"कठडा आहे की चांगला!"

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. पुढचे तीन किलोमीटर मी आरशात बघितलंच नाही.

वाडा पंधरा-वीस घरांचा. तोडकर गुरुजी शाळेबाहेर वाटच बघत होते. चाळिशीचे, हसतमुख, बदली होऊन तीन वर्षांपूर्वी आलेले. त्यांनी मला ओळखायचं कारण नव्हतं. मी गाडी लांब, जांभळीच्या सावलीत लावली आणि म्हणालो, "मी इथंच बसतो. टायर बघायचाय."

तिघं शेजारच्या घराकडं गेले. मी काच चार बोटं उघडी ठेवली. मायाप्पा बाहेर आला. नऊ वर्षांपूर्वी त्याचे केस काळे होते. आता डोक्याला पटका होता आणि मिशा पांढऱ्याशुभ्र. अंगणात घोंगडं टाकून त्यानं पाहुण्यांना बसवलं. गुरुजींनी काकूंची ओळख करून दिली. काकू काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. मायाप्पाचा आवाज मात्र तसाच होता. डोंगराला ऐकू जावा असा.

"लांबनं आलाय बाई, तुमास्नी न्हाई म्हणाय जीव हुईना. पर माझ्या तोंडात आता सुंबरान यायचं न्हाई. ज्याच्या पोरानं एका आईला मारलं, त्येनं देवाचं नाव घिऊन लोकांम्होरं बसावं व्हय?"

काकू काहीतरी बोलल्या.

"ऱ्हाऊ दे. च्या घ्या. आनि ड्रायव्हर कुटं हाय तुमचा? उनात बसलाय व्हय? बलवा की त्येला. बरं, ऱ्हाऊ दे, मीच दिऊन येतो."

मी बघत होतो. कपबशी हातात धरून तो अंगण ओलांडत होता, सांडू नये म्हणून नजर कपावर. पळावं, गाडी सुरू करावी, काच वर घ्यावी. यातलं काहीही करायला वेळ होता. मी नुसता बसून राहिलो. त्यानं कप खिडकीशी धरला आणि मान वर केली.

"महिपा?"

"व्हय आबा."

मी दार उघडून उतरलो. वाटलं, आता हा माणूस मला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं कप बोनेटवर ठेवला आणि माझ्यासमोर दोन्ही हात जोडले.

"नऊ वर्सं तुझ्याकडं यायचं म्हणतोय लेका," तो म्हणाला. "पाय उचलला न्हाई. तुझी जीप ग्येली, तुझं हाड मोडलं, गाव सोडून जावं लागलं तुला. समदं माझ्या पोरापायी. तू त्येला विश्वासानं चाक दिलंस आनि त्येनं... तू कशाला तोंड लपवून बसलास रं? चूक आमची हाय. माफ कर माझ्या धुळूला."

आणि तो वाकायला लागला. माझ्या पायांकडं.

मी त्याचे खांदे धरले. "आबा, नको. आबा, थांबा."

"वाकू दे मला."

"आबा, धुळू गाडी चालवत न्हवता."

तो तसाच अर्धा वाकलेला थांबला.

"मी चालवत व्हतो," मी म्हणालो.

आता जे झालं होतं ते सांगितलं पाहिजे. पाथरवाडीच्या पायथ्याचं गाव माझं. तेविसाव्या वर्षी मी तिथून बाजारगावापर्यंत वडापची, म्हणजे भाड्यानं माणसं नेणारी, जीप चालवायचो. मायाप्पाचा मुलगा धुळाप्पा, आमचा धुळू, माझ्याच वयाचा. गजाच्या, म्हणजे धनगरी नाचाच्या, मेळ्यात ढोल वाजवायचा. त्याच्यासारखा ढोल मी कुठं ऐकला नाही. दसऱ्यानंतर बिरोबाच्या जत्रेला मेळा गेला आणि परत येताना बाकीचे ट्रकनं पुढं आले. धुळू म्हणाला, मी महिपासंगं येतो. दुपारची वेळ, आम्ही दोघंच. आठवड्यापूर्वी त्यानं गाडी शिकायचा हट्ट धरला होता आणि मी माळावर त्याला दोनदा चाक दिलं होतं. हे वाड्यातल्या सगळ्यांना माहीत होतं.

नवव्या वळणावर जीप तेव्हा कठडा नसलेल्या कडेवरून खाली गेली. जाताना गवताचा भारा घेऊन चाललेल्या पारूबाईला तिनं उडवलं. तळवाडीची बाई, पाच लेकरांची आई. ती जागीच गेली. धुळू झाडावर आपटला आणि गेला. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि कपाळ फुटलं होतं. पहिली माणसं धावत आली तेव्हा मी दगडावर बसलो होतो. कुणीतरी विचारलं, गाडी कोण चालवत होतं? मी धुळूकडं बोट केलं.

बोट केलं, एवढंच. पुढचं लोकांनीच रचलं. बिनलायसनचा पोर, जत्रेत प्यालेला असणार, महिपा बिचारा भोळा. पोलिसांनी तेच लिहिलं. मी गाव सोडलं. धुळूची बायको हौसा तेव्हा पोटुशी होती.

हे सगळं मी जांभळीखाली उभा राहून सांगितलं. काका-काकू आणि गुरुजी मध्येच कधी जवळ आले मला कळलं नाही. मायाप्पा सरळ झाला होता. त्याच्या तोंडावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. बोनेटवरच्या चहावर साय धरली होती.

"का?" त्यानं विचारलं.

"भ्यालो व्हतो आबा."

"नऊ वर्सं?"

गुरुजी म्हणाले, "मायाप्पा, आत चला, बसा जरा."

"बसायचं न्हाई," तो म्हणाला. त्यानं गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मला सांगून काय उपेग? मी बाप हाय. मी कायबी मानीन. पारूच्या पोराला सांग. हौसाला सांग. गाडी हाय न्हवं? चल."

काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकूंनी त्यांना दंडाला धरून मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. गुरुजी मागं राहिले. मायाप्पा पुढं, माझ्या डाव्या हाताला बसला. पटका काढून मांडीवर ठेवला.

घाट उतरताना मी तिसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. वळण जवळ यायला लागलं तसा मी दुसरा गिअर टाकला. मायाप्पा समोर बघत होता.

"कुटं बसलावता त्यो?" त्यानं विचारलं.

"तुमी बसलाय तितं."

त्यानं सीटच्या कडेवर तळवा ठेवला. तो उतार संपेपर्यंत त्यानं तो उचलला नाही. मागून काकूंच्या नाक ओढण्याचा आवाज आला, एवढाच.

तळवाडीत पारूबाईचा थोरला, बंडा, खळ्यावर भात झोडत होता. चार-पाच माणसं कामाला होती. मायाप्पाला वाटेवर बघून त्यानं हातातली पेंडी तशीच धरून ठेवली. या माणसानं नऊ वर्षांत या शिवारात पाय ठेवला नव्हता.

"काय काम हाय?" बंडा म्हणाला.

"ह्येला बोलायचं हाय," मायाप्पा म्हणाला आणि बाजूला झाला.

मी बोललो. दुसऱ्यांदा बोलताना शब्द कमी लागले. "तुमच्या आईला धडक दिली ती गाडी मी चालवत व्हतो. धुळू न्हवं. मी खोटं सांगिटलं." खळ्यावरचे हात थांबले. बंडानं पेंडी खाली ठेवली, अगदी जपून, दाणा सांडणार नाही अशी. मग त्यानं मला मारलं. पहिली चपराक कानावर बसली, दुसरीनं मी खाली पडलो. काका धावले. मायाप्पानं त्यांच्या आडवा हात घातला.

"थांबा पावनं."

बंडानं तिसऱ्यांदा हात उचलला आणि तो तसाच वर राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं आणि त्याच्या आईसाठीही नव्हतं. तो मायाप्पाकडं वळला.

"आबा, तुमची सून हितनं बाजाराला चालल्ती. आठवा म्हैना व्हता तिला. मी ह्या बांधावर हुबं ऱ्हाऊन तिला बोललो. काय बोललो त्ये तोंडानं सांगता येत न्हाई. दुसऱ्या दिवशी ती म्हायेराला ग्येली. माझ्यामुळं ग्येली."

"ठावं हाय," मायाप्पा म्हणाला.

"मी बी येतो," बंडा म्हणाला.

"नगं. आज ह्येनंच सांगायचं. तुझं तू माघारनं ये."

आम्ही परत गाडीत बसलो. माझा ओठ फुटला होता. काकूंनी मागून रुमाल पुढं केला. मी घेतला नाही, मग घेतला. काकांनी नकाशा उघडला आणि मिटून ठेवला. कुणीकडं वळायचं ते मायाप्पा हातानं दाखवत होता. दोन डोंगर ओलांडून आजऱ्याच्या अंगाला हौसाचं माहेर. रस्ता असा की काका एरवी दहा ठिकाणी उतरले असते. डाव्या हाताला पाणी भरलेलं तळं, उजवीकडं कापणीला आलेल्या भाताचा वास. त्या दिवशी कुणी थांबा म्हणालं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. घर गावाच्या टोकाला, एका खोलीचं. हौसा दारात नाचणी पाखडत बसली होती. सासऱ्याला बघून ती उठली, पदर सारखा केला, आणि मग मला बघितलं. तिला ओळखायला क्षणही लागला नाही.

"ह्यो कशाला आलाय?"

"ऐक त्येचं," मायाप्पा म्हणाला.

मी तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी मला तिच्याकडं बघवेना. मी तिच्या सुपाकडं बघत होतो. सांगून झालं. मान वर केली तेव्हा दिसलं, ती माझ्याकडं बघतच नव्हती. सासऱ्याच्या खांद्यावरून कुठंतरी लांब बघत होती.

"नऊ वर्सं मी त्येला शिव्या दिल्यात," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, पाणी आणून ठेवलंय म्हणावं तसा. "रोज. सैपाक करताना, पोरीला न्हाऊ घालताना. म्हणायची, पोटात लेकरू असताना चाक हातात घेतलंस, त्या बाईला मारलंस, मला हितं टाकून ग्येलास. त्येचा फोटू बी लावला न्हाई भितीला. पोरीला सांगिटलं, तुझा आप्पा चांगला मानूस न्हवता." ती माझ्याकडं वळली. "आता त्या समद्या शिव्या कुनाकडनं परत घिऊ मी? सांग की."

काकू पुढं झाल्या आणि थबकल्या. हौसानं सूप उचललं आणि आत गेली. दार लावलं नाही, पण बाहेरही आली नाही. मग आतून तिचं जे रडणं ऐकू आलं ते मी कधी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी तोडकर गुरुजींना घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. केस पुन्हा उघडली, कोर्टात चार वर्षं गेली, दीड वर्षाची सजा झाली. लायसन गेलं ते गेलंच. आता मी एका रोपवाटिकेत काम करतो. अभ्यंकर काका-काकूंची सहल त्या गावातच संपली. पुढचे घाट त्यांनी बघितले नाहीत. पण कोर्टाच्या दर तारखेला काकूंचं पत्र यायचं. बंडा आठवड्याच्या आत हौसाच्या दारात गेला होता, असं गुरुजींनी मला सांगितलं. तिनं त्याला आत घेतलं की नाही, ते मी विचारलं नाही.

पण त्या संध्याकाळचं एवढं सांगायचं राहिलं.

आम्ही निघायला गाडीशी आलो तेव्हा घरामागून एक मुलगी पुढं आली. आठ-नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बापाचं नाक. बाहेर बोललेलं सगळं तिनं मागच्या भिंतीआडून ऐकलं होतं. मायाप्पानं तिला "रेणू" म्हणून हाक मारली, पण ती माझ्यासमोर येऊन थांबली.

"माझा आप्पा गाडी चालवत न्हवता?"

"न्हाई."

"मग काय करत हुता?"

हे मला पोलिसांनी विचारलं नव्हतं, बंडानं विचारलं नव्हतं, तिच्या आईनंही नाही. मी खाली बसलो, तिच्या उंचीला.

"ढोल वाजवत व्हता," मी म्हणालो. "मांडीवर घिऊन, गाडीत बसून. लय भारी वाजवत व्हता. मला ऱ्हावलं न्हाई. मी चाकावरचं दोनी हात काढलं आनि टाळ्या धरल्या. त्यो म्हणाला, 'महिपा, चाक धर की रं.' हसत म्हणाला. मग वळण आलं."

हे मी सकाळपासून कुणालाच सांगितलं नव्हतं.

मुलगी विचार करत होती. "काय वाजवत हुता?"

मला तोंडानं सांगता येईना. मी उठलो आणि दोन्ही तळव्यांनी गाडीच्या टपावर तो ठेका धरला. पत्रा ढबढब वाजला. दोन आवर्तनं झाली असतील. मायाप्पानं माझा डावा हात मनगटाला धरून थांबवला.

"तसं न्हवं," तो म्हणाला. "त्येची डाव्या हाताची थाप मागनं पडायची. जराशीच मागनं. मी लय सांगिटलं त्येला, ऐकायचा न्हाई."

त्यानं मला बाजूला सारलं. पटका खांद्यावर टाकला, दोन्ही हात पत्र्यावर ठेवले, आणि नातीकडं बघत, ती थाप जराशी उशिरा सोडत, वाजवायला सुरुवात केली.